ग्रीक बेटांची सहल आखताना : बोट, वारा आणि बाकीचं (अनुभव धागा)

धागाकर्ती

मंडळी, "ग्रीसमधलं कुठलं बेट चांगलं?" असं कुणी विचारलं की उत्तरादाखल निळ्या घुमटांचे फोटो पडतात. फोटोंवरून सहल आखता येत नाही. म्हणून हा धागा फक्त आखणीपुरता. ज्यांना ही बेटं नीट ठाऊक आहेत त्यांनी बंदर, बोट, तारखा, व्हिसा, गाडी, जेवण यातलं जे पक्कं माहीत आहे ते लिहावं. प्रवासवर्णनांना दुसरा धागा आहे.

सुरुवात मी करते. आधी नकाशा उघडा. बेटं समूहांत आहेत आणि बोटी बहुतेक समूहाच्या आतच फिरतात. सँटोरिनी, नाक्सोस, पारोस, मिलोस, मिकोनोस ही सिक्लाडीस समूहातली, एजियन समुद्राच्या मधोमध. कॉर्फू, केफालोनिया, झाकिंथोस ही आयोनियन बेटं देशाच्या पार पश्चिमेला. कॉर्फूहून सँटोरिनीला बोट नाही, अथेन्समार्गे विमानच. रोड्स आणि कोस तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ. एजिना, हायड्रा अथेन्सच्या अंगणात. एका सहलीत एकच समूह घ्या.

आणि बेटं कमी घ्या. सात-आठ रात्रींना दोन, दहा-बारांना तीन. बेट बदलायचं म्हणजे सकाळी खोली सोडायची, धक्क्यावर थांबायचं, बोट उशिरा येणार, पुढच्या बेटावर खोली दुपारी तीननंतर मिळणार. दिवस गेलाच.

सागरवेडा

वाऱ्याचा विचार बहुतेक जण तिकीट काढून झाल्यावर करतात. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर उत्तरेकडून 'मेल्टेमी' नावाचा वारा सुटतो. आकाश स्वच्छ निळं, ढगाचा ठिपका नाही, आणि बोटी बंद! पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होते तेव्हा निदान खिडकीतून कारण दिसतं. इथे दिसत नाही, म्हणून लोक काउंटरवर हुज्जत घालतात.

वारा बोफर्टमध्ये मोजतात. ७ म्हणजे ताशी ५० ते ६१ किमी, ८ म्हणजे ६२ ते ७४. साधारणपणे आठला मोठ्या बोटीही बंदरातच थांबतात. वेगवान कॅटमरान त्याआधीच थांबतात, कारण त्या हलक्या असतात. बंदीचा निर्णय बंदर प्रशासनाचा, बोट कंपनीचा नव्हे. बोट रद्द झाली तर पैसे परत किंवा पुढची बोट, यांतलं एक निवडायचा हक्क युरोपीय कायद्याने मिळतो. मात्र हवामानामुळे रद्द झाली असेल तर नुकसानभरपाई मिळत नाही. बुडालेलं हॉटेल आणि हुकलेलं विमान तुमच्या खिशातून.

म्हणून एक नियम अजिबात मोडू नये : परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अथेन्समध्ये असायचं. "बोट दुपारी बाराला पोहोचते, विमान रात्री आठचं आहे, आठ तास हातात आहेत" हे गणित कागदावरच बरं दिसतं.

अंदाज तीन दिवस आधीपासून पाहायला लागा. ग्रीक समुद्रसंशोधन केंद्राची 'पोसायडन' ही सेवा लाटा आणि वारा दोन्ही दाखवते.

नकाशेवाली

बंदरांबद्दल. अथेन्सची बंदरं तीन, आणि तिकिटावर नाव न वाचणारे दर मोसमात चुकीच्या बंदरावर पोहोचतात.

पिरेयस सगळ्यात मोठं. विमानतळावरून निळी मेट्रो, म्हणजे मार्ग ३, २०२२ पासून थेट पिरेयसपर्यंत जाते. सुमारे तासाभराचा प्रवास, तिकीट ९ युरो. शहरातलं साधं ९० मिनिटांचं तिकीट विमानतळाच्या टप्प्यावर चालत नाही, पकडलं तर दंड. मेट्रो बंद असते त्या वेळी एक्स-९६ बस आहे, ती चोवीस तास चालते.

पिरेयसला उतरलो म्हणजे पोहोचलो असं मात्र नाही. बंदराला ई-१ पासून पुढे क्रमाने फाटकं आहेत आणि ती अर्धवर्तुळात पसरलेली आहेत. सिक्लाडीसच्या बोटी मुख्यतः ई-६, ई-७ आणि ई-९ वरून सुटतात, क्रीटच्या ई-२ आणि ई-३ वरून, रोड्सकडच्या ई-१ वरून, एजिना-हायड्राच्या ई-८ वरून. मेट्रोसमोर ई-६ आणि ई-७ येतात. ई-१ तिथून बॅगा ओढत चालण्यासारखं नाही. बंदराच्या आत फुकट बस असते, तिने जा. फाटक ऐनवेळी बदलू शकतं, म्हणून आदल्या दिवशी कंपनीचा संदेश पाहा.

राफिना विमानतळाला जवळ आहे, बसने साधारण ४० मिनिटं. आंद्रोस, टिनोस, मिकोनोसला जायचं आणि विमान सकाळी उतरणार असेल तर पिरेयसपेक्षा राफिना सोयीचं. लाव्रिओ हे तिसरं, केआ आणि किथनोससाठी.

दोन बॅगा

साधी बोट की वेगवान? पिरेयसहून नाक्सोस साध्या बोटीने साडेपाच तासांच्या आत, सँटोरिनी सुमारे आठ तास. वेगवान बोट सँटोरिनीला पाचेक तासांत नेते, पण भाडं बरंच जास्त. तिच्यात बहुतेकदा बंद केबिनमध्येच बसावं लागतं आणि लाटांत ती जास्त आपटते. मळमळ होत असेल तर साधी मोठी बोट घ्या, खालच्या मजल्यावर मधोमध बसा, गोळी बोटीत चढायच्या अर्धा तास आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.

साध्या बोटीचं सगळ्यात स्वस्त तिकीट डेकचं, त्यात जागा ठरलेली नसते. मे महिन्यात चालतं. ऑगस्टमध्ये थोडे जास्त पैसे देऊन क्रमांकाची सीट घ्याच, नाहीतर जिन्यावर बसून प्रवास.

सामान खालच्या गाड्यांच्या मजल्यावर, बेटाच्या नावाच्या रॅकवर ठेवायचं. पासपोर्ट, पैसे, औषधं वर न्यायची. बोट चालू असताना खालचा मजला बंद असतो. आपलं बेट पुकारलं की लगेच खाली उतरा. मधल्या बेटांवर बोट काही मिनिटंच टेकते.

व्हिसा-टेबल

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो (युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच). त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. मे महिन्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी अडचण असते, तेव्हा फेब्रुवारीतच तारीख पकडा. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर ३ महिने वैध, दोन पानं कोरी.

अर्ज फसतो तो बहुधा तारखांत. हॉटेलच्या रात्री, विमानाची तिकिटं, विमा आणि सोबतचं पत्र या चौघांच्या तारखा जुळल्या पाहिजेत. एक रात्र बोटीवर जात असेल, उदाहरणार्थ पिरेयस ते क्रीटची रात्रीची बोट, तर पत्रात तसं स्पष्ट लिहा. नाहीतर ती रात्र 'मुक्कामाविना' दिसते. इटली आणि ग्रीस एकत्र करत असाल तर जिथे रात्री जास्त त्या देशाकडे अर्ज. समान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे.

हॉटेल रद्द करता येईल असं घ्या. बोटीची तिकिटं व्हिसा हातात आल्यावर काढा, मे महिन्यात ती तोपर्यंत संपत नाहीत. ऑगस्टची गोष्ट वेगळी : १५ ऑगस्ट हा तिथला मेरीमातेचा मोठा सण, अख्खा देश बेटांकडे निघतो, आणि टिनोसला तर यात्राच असते.

चहाबाज

तारखांबद्दल जोडतो. आपल्या शाळांच्या दोन सुट्ट्यांपैकी मे उत्तम : ऊन सुसह्य, गर्दी कमी, बोटी सुरू. फक्त समुद्र गार असतो, १९-२० अंश. अलिबागच्या पाण्याची सवय असलेली मुलं पाय बुडवून परत येतात. पाणी सगळ्यात ऊबदार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

दिवाळीच्या सुट्टीवर मात्र जाऊ नये. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तोवर लहान बेटांवरची बहुतेक हॉटेलं आणि खानावळी कुलूपबंद होतात, क्रीट-सँटोरिनी वेगवान बोटीही ऑक्टोबरपर्यंतच. जायचंच तर अथेन्स आणि क्रीटमधली शहरं.

क्रीटप्रेमी

क्रीटला 'एक बेट' समजून तीन रात्री देणाऱ्यांसाठी : लांबी सुमारे २६० किमी. हानिया ते इराक्लिओ सुमारे १४० किमी, गाडीने अडीच तास. नोसोसचा राजवाडा इराक्लिओजवळ. एलाफोनिसी आणि बालोस हे किनारे, समारिया घळ हे सगळं हानियाच्या बाजूला. एक टोक निवडा आणि पाच रात्री द्या.

समारियाची वाट १६ किमी, सगळी उताराची, आणि उतारच गुडघे मोडतो. साधारण मे ते ऑक्टोबर खुली. सुरुवात सुमारे १२०० मीटर उंचीवर, शेवट समुद्राकाठी अगिया रुमेली गावात. त्या गावाला गाडीरस्ता नाही. बोटीने सुगिया किंवा होरा स्फाकिओनला जायचं आणि तिथून बस. म्हणजे स्वतःची गाडी वरच्या टोकाला लावून गेलात तर ती वरच राहते. त्या दिवशी बसच बरी.

गाडीसाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. काही दुकानदार त्याविना गाडी देतात, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. ऑटोमॅटिक गाड्या थोड्या आणि महाग, लवकर राखून ठेवा. 'पूर्ण विमा' म्हटलं तरी टायर, काचा, गाडीचा तळ आणि कच्चा रस्ता त्यात धरलाय का ते वाचा. बालोसचा शेवटचा टप्पा कच्चाच आहे. भाड्याची गाडी लेखी परवानगीशिवाय बोटीत चढवू नये. आणि स्कूटरसाठी परवान्यावर दुचाकीचा शिक्का हवा, चारचाकीच्या परवान्यावर स्कूटर नाही.

सागरवेडा

पोहण्यासाठी किनारा निवडतानाही वारा पाहा. उत्तरेचा वारा असेल तर बेटाच्या दक्षिणेकडे जा, पाणी शांत मिळतं. याला अपवाद क्रीटचा दक्षिण किनारा : तिथे वारा डोंगरावरून खाली कोसळतो, प्लाकियासला वाळूचे चटके बसतात. दगडाळ किनाऱ्यांवर समुद्री साळिंदराचे काटे असतात, रबरी बूट घाला.

शाकाहारी भटक्या

जेवणाची चिंता उगाच केली जाते. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंचांगात उपासाचे दिवस इतके, की बिनमांसाचा स्वयंपाक तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मेनूत 'लादेरा' शोधा, म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या : फासोलाकिया (फरसबी), ब्रिआम (वांगी-बटाटा-झुकिनी), गिगांतेस (मोठा पांढरा घेवडा). सँटोरिनीचा 'फावा' पिवळ्या डाळीचा, आपल्या घट्ट वरणाच्या जवळचा. वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. सिफ्नोसला रविवारी 'रेविथाडा' मिळते : छोले मातीच्या भांड्यात रात्रभर मंद आचेवर.

सापळे तीन. 'निस्तिसिमो' म्हणजे उपासाचं, पण त्यात ऑक्टोपस, माखली, कोळंबी चालतात! भरल्या टोमॅटोत (गेमिस्ता) कधी फक्त भात तर कधी खिमा असतो, विचारायचंच. 'अव्गोलेमोनो' सॉसमध्ये अंडं असतं. "होरीस क्रेआस" म्हणजे मांसाशिवाय. मासा चालत नसेल तर तेही वेगळं सांगा. जैन जेवण अवघड आहे, कांदा-लसूण सगळीकडे. तेव्हा स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. पाव न मागता येतो आणि माणशी थोडे पैसे लागतात, ती फसवणूक नव्हे.

नकाशेवाली

हॉटेलच्या बिलात एक गोष्ट आगाऊ दिसत नाही : हवामान-संकट कर. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये दर खोलीमागे दर रात्री तीन तारांकित हॉटेलला ५ युरो, चार तारांकितला १०, पाच तारांकितला १५. तो बहुधा तिथे पोहोचल्यावरच भरावा लागतो. शिवाय टॉयलेटमध्ये कागद टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका. जुने पाइप अरुंद आहेत, तुंबतात.

पहिल्यांदाच

१८ ते २८ मे, दहा रात्री. सोबत आईबाबा, आईचे गुडघे दुखतात, सगळे शाकाहारी. सँटोरिनी करावंच का?

धागाकर्ती

करा, पण कड्यावरचं हॉटेल नको. 'फिरा' आणि 'इया' या गावांतली ती फोटोतली हॉटेलं उभ्या कड्याला चिकटलेली, खोलीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. खालच्या सपाट भागात, कामारी किंवा पेरिसाला राहा. काळा किनारा समोर, खानावळी चालत जाता येण्याजोग्या. बेटावरच्या सगळ्या बस फिरामार्गे जातात, त्यामुळे पेरिसाहून इयाला जाताना तिथे बदलावी लागते. मोठी बोट आथिनिओस बंदराला लागते. तिथे टॅक्स्या मोजक्या, चढणीचा नागमोडी रस्ता, म्हणून हॉटेलकडून गाडी आधीच सांगून ठेवा. क्रूझ जहाजांचं वेळापत्रक पाहून इयाचा दिवस ठरवा. सूर्यास्ताला इयाच्या किल्ल्यावर रेटारेटी असते, आईंना तिथे नेऊ नका. अक्रोतिरीच्या दीपगृहाजवळ गाडीने जाता येतं.

मुक्काम असे : उतरल्यावर पिरेयसमध्ये १ रात्र, सकाळच्या बोटीने नाक्सोस ४, मग बोटीने साधारण दोन तासांवर सँटोरिनी ३, तिथून विमानाने अथेन्स २. अक्रोपोलिस शेवटी ठेवा, म्हणजे अथेन्सच्या त्या दोन रात्री बोट चुकली तर राखीव म्हणून कामी येतात. नाक्सोसला अगिओस प्रोकोपिओस किंवा अगिया आन्नाला खोली घ्या. बंदरावरून बस जाते, रस्ता सपाट आहे, वाळू बारीक आहे. आणि आईंच्या हातात जड बॅग देऊ नका, बोटीच्या पोटातून वर बसायच्या मजल्यापर्यंत जिने असतात. सरकता जिना किंवा लिफ्ट कुठे आहे ते चढतानाच कर्मचाऱ्याला विचारा.