नायट्रो हेली: गव्हर्नर आधी का थ्रॉटल कर्व्ह आधी? मत मांडा

काळी_माती (परभणी)
सरळ मुद्द्याला हात घालतो. आपल्याकडं जुन्या 50 साईझच्या नायट्रो हेली (रिमोटवर उडणारी, नायट्रोच्या इंधनावरची मॉडेल हेलिकॉप्टरं, 50 हा इंजिनचा साईझ) स्वस्तात मिळायल्यात म्हणून बरीच पोरं इकडं वळायलीत, अन् प्रत्येकजण पहिलं काय विचारतो तर "दादा गव्हर्नर कोणता घेऊ". माझं म्हणणं, घेऊच नको. निदान पहिला सीझन तरी नको. आधी कर्व्ह बसवायला शिक, नीडल (कार्ब्युरेटरमधला फ्युएल कमी-जास्त करायचा स्क्रू) लावायला शिक, इंजिनचा आवाज वळखायला शिक, मग पुढचं.

नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. कलेक्टिव्ह पिचच्या हेलीत वर-खाली जायला पंख्याचा स्पीड बदलत नाहीत, पात्यांचा अँगल बदलतात. अँगल वाढला की इंजिनवर लोड येतो अन् हेडस्पीड (हेड म्हणजे वरचा मोठा पंखा, त्याचे मिनिटाला फेरे) पडतो, तो पडू नये म्हणून स्टिक कुठं असताना थ्रॉटल किती उघडायचं याचे पाच पॉइंट रेडिओत भरायचे, तो झाला थ्रॉटल कर्व्ह. गव्हर्नर म्हणजे हेच काम एक डबी करती. कूलिंग फॅनला चुंबक, शेजारी सेन्सर, डबी फेरे मोजती अन् थ्रॉटलचा सर्व्हो (दांडी हलवणारी छोटी मोटर) स्वतः हलवती.

आता माझी अडचण ऐका. इंजिन लीन झालं (हवेच्या मानानं फ्युएल कमी पडलं), तापलं, ताकद उतरली की कर्व्हवर उडवणाऱ्याला लगेच कळतं, हेड दबतं, आवाज पडतो, माणूस खाली उतरवतो. गव्हर्नरवाल्याला काहीच कळत नाही कामून की डबी गपचूप थ्रॉटल अजून उघडती. 60 चं 70 होतं, 70 चं 85 होतं, फेरे तेवढेच, आवाज बी जवळजवळ तेवढाच, अन् तिकडं पिस्टन भाजायलाय. कळतं कधी? थ्रॉटल 100 ला टेकलं अन् डबीकडं द्यायला काही उरलं नाही तवा. तेही नेमकं चढावर.

नटबोल्ट (वाळूज)
दादा रिस्पेक्ट आहे पण हे अजिबात पटलं नाही.

आवाज ओळखायला शिका म्हणणं सोपं आहे. 1750 आणि 1900 हेडस्पीडमधला फरक नव्या पोराच्या कानाला कळतो का? बाजूच्या रानात ट्रॅक्टर रोटा मारत असेल तर तुमच्या कानाला तरी कळतो का? मग तो कर्व्ह बरोबर बसलाय हे ठरवणार कशावरून. ऑप्टिकल टॅको (उजेडावर फेरे मोजायचं यंत्र) घेऊन दुसरा माणूस उभा करावा लागतो, आणि 600 एमएमची पाती 1850 ला फिरतात तेव्हा टोकाचा वेग ताशी 470 किलोमीटरच्या आसपास असतो, त्याच्या जितकं कमी जवळ जावं लागेल तितकं चांगलं. गव्हर्नरमध्ये गिअर रेशो (हेडच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती) टाकला की हेडस्पीड सरळ आकड्यात मागता येतो. रेशो 8.5 असेल आणि 1850 मागितलं तर इंजिन 15,725 वर धरायचं हे डबीला कळतं, तुम्हाला गणित करायचं पण काम नाही.

दुसरं म्हणजे आपली हवा. डिसेंबरच्या सकाळी 12 अंश, मे महिन्यात 42. एवढ्या फरकानं हवा दहा टक्क्याच्या आसपास विरळ होते, आणि आमचं संभाजीनगर आधीच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. थंडीत बसवलेला कर्व्ह उन्हाळ्यात कचऱ्यात. मग काय दर दोन महिन्याला पोरानं पाच पॉइंट परत लावत बसायचे?

तिसरं शेपटी. टेल रोटर गिअरनं मेनला जोडलेला आहे, हेडस्पीड हलला की टेल पण हलणार. जायरोचा (शेपटी सरळ धरणारा सेन्सर) गेन, म्हणजे तो किती जोर लावणार ते, 1850 ला लावला आणि उतरताना हेड 2050 ला पळालं की शेपटी थरथर करणार, मग पोरगं जायरोच्या मागं लागणार. बिचाऱ्या जायरोचा काही दोष नसतो.

काळी_माती (परभणी)
हवेचं तू स्वतःच बोललास बरं झालं. हवा बदलली की कर्व्हच्या आधी नीडल बदलावी लागती. ती गव्हर्नर बदलून देतो का? नाही. मंग मे मधी गव्हर्नर घालून उडवणारं पोरगं डिसेंबरच्या नीडलवर उडवणार, अन् डबी त्याला सांगणार सगळं वक्के हाय. हाच तर माझा मुद्दा हाय.

लातूरचा_पंखा
मे मधी नीडल दोन क्लिक उघडायची, विषय संपला. इंजिन गार राहतं.

नटबोल्ट (वाळूज)
@लातूरचा_पंखा उलटं आहे भाऊ. हवा विरळ झाली म्हणजे तेवढ्याच नीडलवर हवा कमी आणि फ्युएल तेवढंच, म्हणजे मिक्स्चर आपोआप रिच झालं. त्यात अजून उघडली तर गुळगुळीत चालणारं इंजिन बोबडं बोलायला लागतं.

लातूरचा_पंखा
पुस्तकात उलटं असंल. आमच्याकडं दुपारी दीडला पत्र्यावर भाकरी भाजती, तिथं कुलिंग फॅन गरम हवाच फेकतो इंजिनवर. थोडं रिच चाललेलं परवडतं. पावर जरा कमी भेटंल पण लायनर (सिलिंडरची आतली नळी) तर वाचतो.

काळी_माती (परभणी)
दोघं बी अर्धं-अर्धं बरोबर हाव. क्लिक मोजून काही होत नाही, उतरवल्यावर बघायचं. चढावर धूर दिसला पाहिजे, सलग, तुटक नाही. उतरवल्या-उतरवल्या इंजिनच्या बॅकप्लेटला बोट लावायचं, दोन-चार सेकंद टिकलं तर ठीक, चटका बसून लगेच मागं आलं तर लीन हाय. हेडला लावू नका, ते तसंबी भाजणारच.

विजेवर_चाललंय (नांदेड)
राजेहो 50 साईझचं नायट्रो, मिथेनॉल शोधा, नायट्रोमिथेन शोधा, कॅस्टरचे डाग कपड्यावर घेऊन घरी बोलणी खा... कशाला? इलेक्ट्रिक घ्या. ईएससीतच (मोटरचा स्पीड कंट्रोल करणारं सर्किट) गव्हर्नर असतो, चुंबक नको सेन्सर नको, कर्व्ह म्हणजे एक आडवी रेघ, 70-70-70-70-70. भांडणच मिटलं.

नटबोल्ट (वाळूज)
मिटत नाही ना. ईएससीच्या गव्हर्नरला पण वर जागा सोडावी लागते. 500 साईझचं धरा: 6 सेल, 1600 केव्ही (एका व्होल्टला 1600 फेरे) मोटर, पिनियन 13 दाती, मेन गिअर 162. पॅक फुल म्हणजे 25.2 व्होल्ट, लोड नसताना हेड 3200 च्या वर जाऊ शकतं. तोच पॅक 22.2 ला आला की 2850, आणि लोड धरून त्यातून अजून वजा करा. तुम्ही 2700 मागून बसलात तर पहिली दोन मिनिटं मजा, शेवटी गव्हर्नर सुटतो आणि तुम्हाला वाटतं बॅटरी खराब. 2400 मागा, शेवटपर्यंत धरेल.

आणि हॉबीविंगच्या ईएससीत एल्फ आणि स्टोअर असे दोन गव्हर्नर मोड येतात ते किती जण बघतात? एल्फमध्ये दर वेळी बॅटरी लावल्यावर पहिल्या स्पूल-अपला (हेड फिरून स्पीडला येतं तेव्हा) स्पीड नव्यानं ठरतो. अर्धी वापरलेली बॅटरी लावली की हेडस्पीड वेगळा. स्टोअरमध्ये एकदाच, फुल बॅटरीवर, शून्य पिचला कॅलिब्रेट करून ठेवायचं. पन्नास टक्के लोक एल्फवर उडवतात आणि जायरोला शिव्या देतात.

विजेवर_चाललंय (नांदेड)
पन्नास टक्के हा आकडा कुठून आणला 😄 बाकी मान्य.

फायनल_इयर (नांदेड)
एक बेसिक डाऊट विचारतो, हसू नका. आमच्या गावाकडं सोयाबीनवर फवारणीचा ड्रोन येतो त्यात तर मोटरचा स्पीड कमी-जास्त करूनच सगळं कंट्रोल होतं. मग हेलीत स्पीड एकसारखाच ठेवायचा एवढा हट्ट कशासाठी?

थळातला_पंप (जालना)
ड्रोनचे पंखे छोटे, हलके. मोटरनं हुकूम सोडला की लगेच स्पीड बदलतो. हेलीचं एकच मोठं जड हेड, त्यात साठलेली ताकद लई. स्पीड वाढवून वर जा म्हणलं तर हेड पळायला वेळ घेणार, तोवर हेली खाली. म्हणून स्पीड बांधून ठेवायचा अन् अँगलवर खेळायचं, अँगल क्षणात बदलतो. इंजिन बंद पडलं तर त्याच साठलेल्या ताकदीवर ऑटोरोटेशन करून उतरता येतं, ड्रोनला ते जमत नाही.

आता तुमच्या भांडणात पडतो. माझं वय झालंय, मी विहिरीवरच्या डिझेल इंजिनवर वाढलेला माणूस. त्या इंजिनला गव्हर्नर पहिल्या दिवसापासून, कुणी हातानं थ्रॉटल धरून पाणी दिलेलं मी तरी बघितलं नाही. वॅटनं 1788 ला वाफेच्या इंजिनवर गोळ्यांचा गव्हर्नर बसवला तवापासून हीच पद्धत हाय. त्यामुळं गव्हर्नर लावला तर माणूस बिघडतो हे काळी_माती भाऊंचं म्हणणं मला काही पटत नाही.

पण एक बघितलंय. त्या इंजिनची रॅकची पिन झिजली, दांडीत ढिलाई आली की इंजिन आपोआप भक्-भक्-भक् वर, परत खाली, परत वर, असं झुलायला लागायचं. गव्हर्नर ढकलायचा, ढिलाई खायची, मग एकदम जास्त जायचं. मिस्त्री गव्हर्नरला हात लावायचा नाही, आधी पिन बदलायचा. हेलीत बी पोरं गव्हर्नर हंट करायलाय, म्हणजे असंच झुलायलाय म्हणतात अन् डबीतला गेन कमी करत बसतात, बॉल लिंक (दांडीच्या टोकाचा सांधा) हलवून कुणी बघत नाही. म्हणून माझं मत, कर्व्ह आधी का गव्हर्नर आधी हे राहू द्या, लिंकेज आधी.

नटबोल्ट (वाळूज)
काका एकदम बरोबर, यावर वाद नाही. नव्या पोरांसाठी लिहून ठेवतो. स्टिक मध्यावर, कार्ब्युरेटर अर्धा उघडा, त्या वेळी सर्व्होचा हॉर्न आणि कार्बचा आर्म दोन्ही दांडीला काटकोनात आले पाहिजेत. भोक निवडून जमवा, रेडिओतल्या टक्क्यांनी ओढाताण करू नका. मग पूर्ण उघडं आणि पूर्ण बंद, दोन्ही टोकाला सर्व्हो घूं घूं करायला नको. त्यानंतरच गव्हर्नरला लिमिट शिकवायचं, हे आयडल, हे फुल. फुल थ्रॉटलचं लिमिट अर्धवट शिकवलं तर डबीला वाटतं एवढंच आहे आणि चढावर इंजिन दमतं.

चुंबक लावताना सेन्सर एकाच बाजूच्या पोलला वाचतो, त्यामुळं चिकटवायच्या आधी हातात धरून रीडिंग येतंय का बघा. भोकातलं तेल थिनरनं पुसून मगच इपॉक्सी. समोरच्या बाजूला तेवढंच वजन, नाहीतर फॅन व्हायब्रेट करतो. गॅप मी दीड-दोन मिलिमीटर ठेवतो.

लातूरचा_पंखा
आमच्याकडं एकाचं चुंबक हवेतच निघून गेलं होतं. सिग्नल गेला, डबीनं हात वर केले अन् थ्रॉटल आलं कर्व्हवर. अन् कर्व्ह काय भरलेला? कंपनीतून आलेला सरळ 0-25-50-75-100. आयडल अपमधी (स्टिक खाली घेतली तरी थ्रॉटल वर ठेवायचा मोड) होता, स्टिक मध्याच्या खाली घेऊन पिच मायनसला गेलं अन् थ्रॉटल तिकडं 30 वर. हेड बसलं. तुरीत गेली हेली, पाती सापडली, बूम (शेपटीची नळी) नाही सापडला.

काळी_माती (परभणी)
घ्या!! हेच म्हणत होतो. डबी गेली की खाली काय हाय? कर्व्हच हाय. आयडल अप 1 ला निदान 70-55-48-70-100 असं काहीतरी भरलेलं असतं तर हेली घरी आली असती. गव्हर्नरवाले कर्व्ह भरतच नाहीत, "डबी बघून घेती".

नटबोल्ट (वाळूज)
तो आळशीपणा आहे, गव्हर्नरचा काय दोष. गव्हर्नर लावला म्हणजे कर्व्ह भरू नका असं कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही.

अजून एक, थ्रॉटल होल्डला (थ्रॉटल खाली धरून ठेवणारा स्विच) गव्हर्नर ऑफ झालाच पाहिजे, स्विच तसा मिक्स करा. आणि स्टार्ट करताना मोड नॉर्मल, होल्ड ऑन, एका हातानं हेड घट्ट धरून. आयडल अपमध्ये राहून स्टार्ट केलं तर क्लच लगेच पकडतो, हात जायचा.

काळी_माती (परभणी)
सगळं मान्य. आता एका प्रश्नाचं उत्तर दे. तुझी हेली हवेत असताना डबी थ्रॉटल किती टक्के उघडायलीय हे तुला दिसतं का?

नटबोल्ट (वाळूज)
दिसत नाही. त्यासाठी लॉग किंवा टेलिमेट्री (हेलीवरचे आकडे रेडिओवर दाखवणारी सोय) असलेला कंट्रोलर लागेल, माझी डबी जुनी आहे.

काळी_माती (परभणी)
मंग इंजिन लीन हाय का नाही हे कशावरून ठरवतोस?

नटबोल्ट (वाळूज)
धूर आणि बॅकप्लेट, तुम्ही सांगितलं तेच. आणि माझी एक टेस्ट आहे. हेली हॉवरला (हवेत एका जागी) स्थिर धरायची, स्विचनं गव्हर्नर ऑफ करायचा. हेडस्पीड तेवढाच राहिला तर डबी फार काही झाकत नाहीये. एकदम पडला तर ती जास्त थ्रॉटल देऊन निभावत होती, मग लगेच उतरवून नीडल बघायची.

काळी_माती (परभणी)
ही टेस्ट कर्व्ह नीट बसवलेला असल्याशिवाय चालती का?

नटबोल्ट (वाळूज)
नाही चालत. पण तो कर्व्ह मी गव्हर्नरच्याच आकड्यावर बसवलाय ना. डबीवर 1850 धरून आवाज कानात बसवायचा, मग डबी ऑफ करून कर्व्ह त्या आवाजाला आणायचा. तुमच्या पद्धतीत तो आवाज मुळात कुठून आणायचा हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

फायनल_इयर (नांदेड)
म्हणजे मी डबी घेऊ का नको??

थळातला_पंप (जालना)
आधी बॉल लिंक हलवून बघ.