डेटाबेसची मेमरी रोज कशी तपासता? बजेट महिना 500

निपाणीकर: आमच्या पतसंस्थेचा मायएसक्यूएल 8, उबंटू, 16 जीबी रॅम. संगणकाचं सगळं मी एकटाच बघतो. बाजाराच्या दिवशी एका एन्ट्रीला मिनिटभर चाक फिरतं, रांग दारापर्यंत जाते. म्हातारी माणसं उभी असतात ओ. रोज सकाळी नेमकं काय बघावं? 500 च्या वर मंजुरी नाही.

शहापूरकर: 64 जीबी टाका, मोकळे व्हा. मी गेल्या वर्षी टाकली, तेव्हापासून एक तक्रार नाही.

खानापूर_रोड: बजेट सांगितलंय की त्यांनी! 'फ्री' कमांड मारा, पण 'फ्री'चा रकाना बघून घाबरू नका, 'अव्हेलेबल' बघा. रिकामी रॅम लिनक्स फाइल कॅशला लावतं, गरज पडली की सोडतं. मग 'व्हीएमस्टॅट 5'. एसआय-एसओ (डिस्कवरून रॅममध्ये आत, रॅममधून डिस्कवर बाहेर) सारखे हलत असतील तर स्वॅप सुरू झालंय, म्हणजे रॅम पुरेना म्हणून डिस्क वापरतंय.

चिकोडी_सिस्टीम: मी 16 जीबीपैकी 14 बफर पूलला (मायएसक्यूएल डेटा रॅममध्ये धरून ठेवतो ती जागा) दिली होती. प्रत्येक कनेक्शन सॉर्ट-जॉइनला वेगळी मेमरी घेतं, हे ध्यानातच आलं नाही. महिनाअखेरीला सगळ्या शाखा एकदम आल्या आणि ओओएम किलरनं (रॅम संपली की प्रोग्राम बंद पाडणारी लिनक्सची सोय) मायएसक्यूएलच मारला. डीमेसेजमधली (लिनक्स कर्नलच्या नोंदी) ती ओळ अजून पाठ आहे. 10 च्या वर जाऊ नका.

टिळकवाडी: म्हणून आम्ही मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर घेतला.

खानापूर_रोड: त्यालाही मॅक्स सर्व्हर मेमरी ठरवून द्यावी लागते, नाहीतर मिळेल तेवढी घेत सुटतो.

टिळकवाडी: दिलीय ओ. 32 पैकी 26.

संकेश्वर_७: रॅम वाढवा. आणि रोज रात्री रीस्टार्ट.

खानापूर_रोड: रीस्टार्ट अजिबात नको. पूल पुन्हा डिस्कवरून भरावा लागतो, मोजणीही शून्यावर येते. बफर पूल रीड्स म्हणजे डिस्कवर जावं लागलेली वाचनं, रीड रिक्वेस्ट्स म्हणजे एकूण. दोन्ही सर्व्हर चालू झाल्यापासूनचे असतात, म्हणून आजच्यातून कालचे वजा करा. आणि आधी बफर पूल साइज किती आहे ते सांगा.

निपाणीकर: 134217728.

चिकोडी_सिस्टीम: अहो, 128 एमबी! बसवल्यापासून कुणी हातच लावला नाही.

निपाणीकर: सेट पर्सिस्ट कमांडनं (बदल रीस्टार्टनंतरही टिकतो) सर्व्हर चालू असतानाच 8 जीबी केला. रॅम घेतली नाही, टूल घेतलं नाही. कॅशबुकासारखी वही घातलीय, 9, 1 आणि 5 वाजता आकडे लिहितो. आज 1 वाजता अव्हेलेबल 5 जीबी, एसओ 0.

चिकोडी_सिस्टीम: 8 कमी, 10 करा.

निपाणीकर: त्याच मशीनवर बॅकअप चालतो. महिनाअखेर जाऊ दे, तोवर 8 च.