चषक सामन्यांची अवे तिकिटे: ३० पौंडांची मर्यादा तिथे का लागू होत नाही?

पाहुणा_स्टँड:

गेली काही वर्षे मी इंग्लंडमध्ये राहतो आणि प्रीमियर लीगमधल्या एका क्लबच्या परगावच्या (अवे) सामन्यांना, सुट्टी आणि खिसा दोन्ही परवानगी देतील तेव्हा, मुलाला घेऊन जातो. गेल्या हंगामात आमच्या क्लबला एकाच मैदानावर दोनदा जावे लागले, आधी लीगसाठी आणि नंतर जानेवारीत एफए कप या बाद पद्धतीच्या चषकस्पर्धेसाठी. लीगच्या सामन्याला माझे तिकीट ३० पौंडांचे होते. चषकाच्या सामन्याला ते ४२ पौंडांचे झाले. स्टँड तोच होता, आमची रांग फार तर दोन-तीन ओळींनी मागे सरकली होती आणि डावीकडच्या गोलपोस्टचा निम्मा भाग झाकणारा लोखंडी खांबही दोन्ही वेळा आमच्याच नशिबी आला. मुलाने खांबाकडे बोट दाखवून विचारले, "बाबा, याचे बारा पौंड जास्त का?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पाहुण्या समर्थकांकडून ३० पौंडांपेक्षा जास्त घेता येत नाही, अशी माझी आजवरची समजूत होती. ती चुकीची होती, की यजमान क्लबने नियम मोडला? आणि तक्रार करायची झाल्यास ती यजमान क्लबकडे करावी, की फुटबॉल असोसिएशनकडे?

जुना_हिशेबनीस:

नियम कोणीही मोडलेला नाही. ३० पौंडांची मर्यादा हा सगळ्या इंग्लिश फुटबॉलचा कायदा नसून प्रीमियर लीगच्या वीस क्लबांनी आपापसांत, आपल्याच स्पर्धेपुरता केलेला करार आहे. तो मार्च २०१६ मध्ये झाला, २०१६–१७ च्या हंगामापासून लागू झाला आणि पुढे वेळोवेळी वाढवला गेला. त्यामागे समर्थकांची बरीच मेहनत होती. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावरच्या सामन्यासाठी मँचेस्टर सिटीला ६२ पौंडांची तिकिटे मिळाली, तेव्हा त्यांतली ९१२ तिकिटे न विकता परत आली. त्याच महिन्यात अवे तिकीट २० पौंडांच्या वर जाऊ नये, अशी समर्थकांच्या संघटनेची मोहीम सुरू झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ ७७व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. तो वाद घरच्या तिकिटांचा होता, पण क्लबांच्या मनात धास्ती बसली ती तिथेच, असे मला वाटते, कारण पुढच्याच महिन्यात मर्यादेचा निर्णय झाला.

एफए कप मात्र फुटबॉल असोसिएशन चालवते आणि तिथे तिकिटाचा दर दोन्ही क्लबांनी मिळून ठरवायचा असतो. हा "मिळून" शब्द नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यात आहे. लीगच्या सामन्याचे गेटचे (तिकीटविक्रीचे) उत्पन्न यजमान क्लबकडे राहते, तर एफए कपमध्ये खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतले ४५ टक्के यजमानांना, ४५ टक्के पाहुण्यांना आणि १० टक्के स्पर्धेच्या सामायिक निधीला जातात.

आता तुमच्या ४२ पौंडांचा हिशेब करू. २० टक्के व्हॅट काढला की ३५ पौंड उरतात. सामन्याचा खर्च घटकाभर बाजूला ठेवला, तर त्यांतले १५ पौंड ७५ पेन्स तुमच्याच क्लबच्या खात्यात जमा होतात. लीगच्या ३० पौंडांच्या तिकिटातून तुमच्या क्लबला काहीच मिळत नव्हते. तेव्हा चढा दर केवळ यजमानांनी तुमच्या माथी मारला असे नाही. तुमच्या क्लबनेही त्याला मान्यता दिली आणि त्यातला वाटा घेतला. तक्रारीचे पहिले पत्र आपल्याच क्लबला लिहावे.

घरीच_बसा:

परवडत नसेल तर सामना टीव्हीवर पाहावा. मागणी असेल तिथे किंमत वाढणारच, आणि कोणालाही जबरदस्तीने मैदानावर नेले जात नाही.

पाहुणा_स्टँड:

टीव्हीवर पाहण्यात मला कमीपणा वाटत नाही, पण अवे तिकिटांचा बाजार तुम्ही म्हणता तितका मोकळा नाही. आमच्या क्लबात ही तिकिटे लॉयल्टी पॉइंटांच्या (आधी पाहिलेल्या सामन्यांबद्दल मिळणाऱ्या गुणांच्या) क्रमाने दिली जातात आणि चषकाचे परगावचे सामनेही त्या मोजणीत धरले जातात. जानेवारीतला महागडा सामना सोडला, तर एप्रिलमध्ये ज्या सामन्याला मनापासून जायचे आहे त्याच्या रांगेत मी मागे फेकला जातो. याला मागणी म्हणायचे असेल तर म्हणावे.

हिशेबनीस, आपले उत्तर वाचून मी थोडा खजील झालो. पंधरा दिवस मी यजमान क्लबच्या नावाने बोटे मोडत होतो.

खालच्या_विभागातला:

माझा क्लब तळाच्या विभागात खेळतो. त्यामुळे या वाटणीची दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे.

मोठ्या क्लबच्या मैदानावर चषकाचा सामना निघणे ही आमच्यासारख्यांसाठी लॉटरी असते. एक्झिटर सिटीचे उदाहरण घ्या. जानेवारी २००५ मध्ये तो क्लब लीगच्या चारही विभागांबाहेर होता, कर्जात रुतलेला होता आणि त्याची मालकी समर्थकांच्या ट्रस्टकडे होती. ओल्ड ट्रॅफर्डवर ६७ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांनी मँचेस्टर युनायटेडला ०–० असे रोखले. तो सामना आणि घरच्या मैदानावरचा रिप्ले (बरोबरीमुळे पुन्हा खेळवलेला सामना) मिळून जे उत्पन्न हाती आले, त्याने क्लबला कर्जातून बाहेर काढण्यात मोठा हातभार लावला. २०२४–२५ पासून पहिल्या मुख्य फेरीपासूनचे रिप्ले बंद झाले आहेत, त्यामुळे आता असा क्लब एकाच सामन्याच्या वाट्यावर अवलंबून असतो.

यात पाहुण्यांच्या जागांचा प्रश्नही येतो. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांना साधारण ३,००० तिकिटे मिळतात, तर एफए कपमध्ये मैदानाच्या क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंत मागता येतात. म्हणजे ६०,००० क्षमतेच्या मैदानात ९,००० जागा. त्या ४२ ऐवजी ३० पौंडांना विकल्या, तर व्हॅट वजा जाता ९०,००० पौंड कमी येतात आणि आमच्या वाट्यातून ४०,५०० पौंड जातात. बड्या क्लबला ही रक्कम जाणवणारही नाही, पण आमच्याकडे तेवढ्यात एका खेळाडूचा हंगाम निघू शकतो.

तरीही मी चढ्या दराच्या बाजूने नाही. हा हिशेब सगळ्या ९,००० जागा भरतील असे धरून केलेला आहे, आणि ४२ पौंडांना त्या भरतील याची खात्री कोण देणार? शिवाय उत्पन्नाचा मोठा भाग यजमानांच्या ५१,००० जागांमधून येतो, पाहुण्यांच्या कोपऱ्यातून नाही. प्रीमियर लीगचे दोन क्लब समोरासमोर असतील, तेव्हा तर गरिबीची सबब दोघांनाही सांगता येणार नाही. तुमचा सामना त्याच प्रकारातला दिसतो.

टेनिसचा_चेंडू:

चषकात मर्यादा घालणे अवघड आहे, असे म्हणणाऱ्यांनी यूएफाकडे, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या संघटनेकडे, पाहावे. २०१८ मध्ये स्पेनच्या सेव्हिया क्लबने मँचेस्टर युनायटेडच्या समर्थकांना ८९ पौंडांचा दर लावला. युनायटेडने परतीच्या सामन्यात सेव्हियाच्या समर्थकांकडून तेवढेच घेतले आणि त्या जादा पैशांतून आपल्या लोकांना प्रत्येकी ३५ पौंडांची सवलत दिली. पुढच्या वर्षी बार्सिलोनाशी १०२ पौंडांवरून हाच प्रकार झाला, तेव्हा सवलत २७ पौंडांची होती. आपल्या क्लबने पाठीशी उभे राहावे हे चांगलेच, पण ती सवलत सेव्हियाहून आलेल्या माणसाच्या खिशातून दिली जात होती, आणि ८९ पौंडांचा दर त्याने ठरवला नव्हता.

२०१९–२० पासून यूएफाने चॅम्पियन्स लीगच्या अवे तिकिटांना ७० आणि युरोपा लीगच्या तिकिटांना ४५ युरोंची मर्यादा घातली. २०२४–२५ मध्ये ती ६० आणि ४० वर आणली, २०२५–२६ साठी ५० आणि ३५ वर, तर कॉन्फरन्स लीगसाठी २० युरो ठेवली. स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेने मनावर घेतले की दर खाली येतात.

माझ्या नावाचा उलगडाही करून टाकतो. लिव्हरपूलचे प्रेक्षक उठून गेले, त्यानंतर तीनच दिवसांनी जर्मन चषकाच्या उपउपांत्य सामन्यासाठी डॉर्टमुंडचे समर्थक स्टुटगार्टला गेले होते. अवे तिकिटांच्या दराच्या निषेधार्थ ते पहिली वीसेक मिनिटे स्टँडबाहेर थांबले आणि आत आल्यावर त्यांनी मैदानावर टेनिसच्या चेंडूंचा वर्षाव केला. खेळाडू आणि कर्मचारी पिवळे चेंडू वेचत बसल्यामुळे खेळ थोडा वेळ थांबवावा लागला. त्या सामन्यात डॉर्टमुंड ३–१ ने जिंकले, हे जाता जाता सांगायला हवे.

जुना_हिशेबनीस:

चेंडू फेकण्याआधी एक सोपा मार्ग आहे. प्रीमियर लीगच्या क्लबांना आता चाहत्यांचे सल्लागार मंडळ ठेवावे लागते. त्याच्याकडे हा विषय ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याची सोडत) निघण्यापूर्वीच न्यावा, कारण ड्रॉनंतर दोन्ही क्लबांत दराची बोलणी होऊन तिकिटे विक्रीला येईपर्यंत फारसा वेळ मिळत नाही आणि एकदा दर जाहीर झाला की तो कोणी मागे घेत नाही. मागणीही नेमकी असावी. "तिकिटे स्वस्त करा" असे मोघम लिहिण्यापेक्षा, समोर प्रीमियर लीगचाच क्लब आला तर आपल्या क्लबने ३० पौंडांवरच्या अवे दराला संमती देऊ नये, असे लिहावे. सही करणारा हात तुमच्या क्लबचाही आहे, म्हणून ही मागणी त्यांना यजमानांकडे बोट दाखवून टाळता येणार नाही.

पाहुणा_स्टँड:

सर्वांचे आभार. सल्लागार मंडळातल्या आमच्या प्रतिनिधीला मी आज सकाळी अगदी याच शब्दांत पत्र पाठवले आहे. खालच्या विभागातल्या मित्राचा मुद्दा पटल्यामुळे त्यात एक अटही घातली आहे, की समोरचा क्लब खालच्या विभागातला असेल, तर दर त्याच्या सोयीने ठरावा. तो कितीही ठरला तरी मी कुरकुर करणार नाही.

मुलाला १५ पौंड ७५ पेन्सचा हिशेब समजावून सांगितला. "मग त्यातून तो खांब काढता येईल का?" असे त्याने विचारले. खांब यजमानांचा आहे, हे त्याला अजून सांगायचे आहे.