उडी नको, पायरीने उतरा
स्कॉटलंडच्या गार समुद्रात उतरण्याचा सराव कसा करायचा, या ताईंच्या प्रश्नावर वर एकांनी सांगितलंय की थंड पाण्यात एकदम उडी मारायची, मग काही वाटत नाही. कृपा करून असले सल्ले देऊ नका. नाशिकला गोदावरीच्या रामकुंडावर पौषातल्या पहाटे बुडी मारणारे आमचे आजोबासुद्धा आधी पायांवर, मग छातीवर ओंजळीने पाणी घ्यायचे आणि 'हर गंगे' म्हणत मगच खाली बसायचे. गार पाणी लागताच श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच! हा झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तोवर हातपाय मारायचे नाहीत, नुसता श्वास लांब सोडत राहायचं.

ताई, तुम्हाला जानेवारीत स्कॉटलंडच्या समुद्रात उतरायचंय. तिथे तेव्हा पाणी साधारण 6 ते 8 अंश असतं. नाशिकच्या थंडीत सराव होईल म्हणता, पण निफाडचा पारा 5 च्या खाली गेला तरी तो हवेचा. गोदावरी एवढी गार होत नाही. अलिबागचा समुद्र तर सोडूनच द्या, तो डिसेंबरातही कोमट लागतो.

खरी गंमत बाहेर आल्यावर. मागच्या जानेवारीत इथल्याच एका उघड्या तलावात अर्धा तास पोहलो. पाण्यात मजेत होतो, कपडे बदलताना मात्र हुडहुडी भरली. आतली ऊब गार पडलेल्या कातडी-स्नायूंकडे जात राहते, त्यामुळे शरीर बाहेर आल्यावरही काही वेळ आतून थंड होत राहतं. बोटं इतकी बधिर की थर्मासचं झाकण फिरेना. शेवटी वॉचमनकाकांनी उघडून दिलं. तेव्हा झाकण आधीच सैल करून ठेवा, आणि बटणांचा शर्ट नेऊ नका.