कपडे वाळले हे नक्की कोणी ठरवायचं?

ओलीसुकी

आमच्या घरात पैशांवरून भांडण होत नाही, पाहुण्यांवरून होत नाही, टीव्हीच्या आवाजावरूनही हल्ली होत नाही. कपडे वाळत घालण्यावरून होतं, आणि चांगलं सणसणीत होतं.

नवऱ्याची पद्धत अशी: मशीन थांबलं की सगळा गुंता उचलायचा आणि दोरीवर टाकायचा. टाकायचा म्हणजे खरोखरच टाकायचा. झटकणं नाही, उलटं करणं नाही. टॉवेल मधोमध दुमडलेला, जीन्सचा एक पाय आत एक बाहेर, पायमोज्यांचे बोळे तसेच. वर ‘झालं बघ पाच मिनिटांत’ हेही ऐकून घ्यायचं. मी घालते तेव्हा प्रत्येक कपडा झटकते, गडद रंगाचे उलटे करते, टी-शर्टला चिमटे खालच्या काठाला लावते (खांद्याला लावले की तिथे शिंगं उगवतात), जीन्सचे खिसे बाहेर काढून ती कमरेकडून टांगते आणि दोन कपड्यांत मूठभर जागा सोडते. वेळ लागतो, मान्य. पण इस्त्रीचा वेळ वाचतो. तो त्याच्या हिशेबात धरत नाही, कारण इस्त्री मी करते.

तरी इथपर्यंत चालवून घेतलं असतं. खरी ठिणगी पडते ती कपडे काढताना. हा संध्याकाळी गॅलरीत जातो, शर्टाच्या पाठीवर हात ठेवतो, ‘वाळले’ असं जाहीर करतो आणि घड्या घालून कपाटात. मग मी कपाट उघडते, जीन्सची कमरेची पट्टी दाबून बघते, काखेची शिवण दाबून बघते. गार! की सगळं परत बाहेर. तो म्हणतो, ‘अगं गार आहे, ओलं नाहीये.’ मी म्हणते, ‘ओलं आहे म्हणूनच गार आहे.’ यापुढे संभाषण सरकत नाही.

सलग ढगाळ दिवस असले की स्टँड बेडरूममध्ये येतो आणि मग खिडकीचा वाद. तो बंद करतो, बाहेरची दमट हवा आत येते म्हणून. मी उघडते, आतला दमटपणा बाहेर जावा म्हणून.

तर जाणकारांना विचारायचंय की हाताला नक्की कळतं का, कपडा वाळलाय की नाही? आणि खिडकीच्या बाबतीत कोण बरोबर? अजून एक म्हणजे, त्याने घातलेले कपडे मी परत नीट घालते त्याचा त्याला फार राग येतो. घालू की नको?

‘ड्रायर घ्या’ असं कृपया सुचवू नका. जागा नाही, आणि असती तरी आम्ही त्याच्या बटणांवरून भांडलो असतो.

निवांत

तुमच्या नवऱ्याच्या वतीने मीच लिहितो, तो बहुधा पायमोजे सोडवत बसला असेल.

परत घालू नका. माझ्या डोळ्यांदेखत मी घातलेला शर्ट काढून त्याच दोरीवर चार बोटं बाजूला घातला जायचा. कारण विचारलं तर ‘असंच’. हळूहळू मी त्या दोरीकडे फिरकेनासा झालो. आता तक्रार अशी आहे की हा घरात काही करत नाही.

टॉवेल दुमडून घालणं मात्र चूकच. त्या मुद्द्यावर मी बाजू बदलतो.

धागादोरा

माझं अर्धं आयुष्य कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये गेलं, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

आधी हाताचं. माणसाच्या त्वचेला ओलावा असा थेट कळतच नाही. तापमान कळतं, दाब कळतो, घर्षण कळतं. ओलाव्यासाठी वेगळी संवेदना आपल्याला मिळालेली नाही. गारवा आणि स्पर्श यांच्यावरून मेंदू अंदाज बांधतो. म्हणून संध्याकाळच्या हवेत निवलेला कोरडा शर्ट ओला वाटतो आणि उन्हात तापलेली ओलसर जीन्स कोरडी वाटते. तुम्ही दोघं भांडताय ते तापमानावर.

दुसरं, अगदी शून्य ओलाव्याचा सुती कपडा घरात सापडायचा नाही. २० अंश सेल्सियस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून असतं. लोकर त्याच्या जवळपास दुप्पट धरते, पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. कापसाच्या आणि लोकरीच्या व्यापारात हे पाणी गृहीत धरूनच वजनाचे व्यवहार होतात. एकाच दोरीवर खेळायचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट कडकडीत आणि शेजारची जीन्स दमट असण्याचं हे एक मोठं कारण. दुसरं कारण जाडी. जीन्सच्या कमरेला आणि खिशांच्या तोंडाशी कापडाचे तीन-चार थर एकावर एक असतात, वारा फक्त वरच्याला लागतो. शर्टाच्या पाठीवर हात ठेवून निकाल देणं म्हणजे सर्वांत सोपा पेपर तपासून वर्ग पास करणं.

घरच्या घरी करण्यासारखी चाचणी सांगतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती कापडातून आणि भोवतालच्या हवेतून ओढली जाते. त्यामुळे वाळत असलेला कपडा खोलीपेक्षा गारच राहतो, आणि वाळला की खोलीच्या तापमानाला येतो. म्हणून संध्याकाळी काढलेले कपडे लगेच तपासू नका. आत आणून अर्धा-पाऊण तास पसरून ठेवा, मग संशयित शिवण एका गालाला लावा आणि त्याच खोलीत असलेला तशाच कापडाचा कोरडा कपडा दुसऱ्या गालाला. फरक जाणवला तर ओलं. तरीही वाद उरला तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. कपडा धुण्याआधी, चांगला कोरडा असताना तोलून ठेवायचा, काढताना परत तोलायचा. काटा कोणाचाच नातेवाईक नसतो.

आता खिडकी. मशीनने मिनिटाला १४०० फेऱ्यांनी पिळलं तरी सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं, ८०० फेऱ्यांना सत्तर टक्क्यांच्या आसपास. पाच किलो कपडे बेडरूममध्ये घातले तर अडीच ते साडेतीन लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत जाणार. ते कुठून तरी बाहेर पडायला हवं. बाहेर आतल्यापेक्षा थंड असेल तर पाऊस चालू असला तरी खिडकी उघडा. थंड हवेत वाफ कमी असते, आत येऊन ती तापली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकेल त्याच्या तुलनेत असलेली वाफ, उतरते. बाहेर उकाडा असेल आणि हवाही दमट असेल तर खिडकीने फार काही साधत नाही, पण बंद खोली त्याहून वाईट. सततची ७०-८० टक्के आर्द्रता म्हणजे भिंतीच्या गार कोपऱ्यांत बुरशीला आमंत्रण. टेबलफॅन कपड्यांकडे तोंड करून लावा. कापडाला चिकटलेला दमट हवेचा थर हलला पाहिजे, उष्णतेपेक्षा याने जास्त काम होतं. आणि एक जादा स्पिन द्या. पाणी पिळून काढायला जी वीज लागते ती वाफ करून घालवण्यापेक्षा कितीतरी कमी असते.

परत घालण्याबद्दल माझं मत नाही. तो विषय आमच्या खात्यात येत नाही.

दोनदोऱ्या

आमच्याकडे दोन दोऱ्या बांधल्या. एक त्याची, एक माझी. एकमेकांच्या दोरीकडे बघायचं नाही, बघितलं तर बोलायचं नाही. भांडणं खूप कमी झाली. फक्त चादरी कोणाच्या दोरीवर हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे त्या लोखंडी दारावर वाळतात आणि त्यांवर गंजाचे डाग पडतात.

रात्रपाळी

वासाबद्दल कोणी लिहिलं नाही. आमचा वाद तिथे असतो. मी रात्री मशीन लावून झोपतो आणि सकाळी कपडे काढतो. बायको म्हणते, कुबट वास येतो. मी म्हणायचो, उन्हात घातले की जातो.

जात नाही. २०१२ साली जपानी संशोधकांनी या वासामागे मुख्यतः मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं दाखवलं. तो कोरडेपणाही सोसतो आणि अतिनील किरणंही बऱ्यापैकी सोसतो, म्हणून नुसतं ऊन दाखवून भागत नाही. वास मुरलेले टॉवेल ६० अंशांना धुवायचे, लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तरच. मुळात ओले कपडे मशीनमध्ये मुरत ठेवायचे नाहीत. मी आता मशीनचा टायमर पहाटेचा लावतो. बायकोला हे सगळं जिवाणूचं नाव न घेताच माहीत होतं, हे तिने मला सांगितलंय. परत परत सांगितलंय.

ओलीसुकी

सर्वांचे आभार. धागादोरा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. ‘सोपा पेपर’वर तो गप्प झाला, ‘तापमानावर भांडताय’ला माझ्याकडे बघून हसला.

काटा आणला. टॉवेल कोरडा असताना ५२० ग्रॅम. संध्याकाळी यांनी ‘वाळला’ म्हणून काढला तेव्हा ६०५. पंच्याऐंशी ग्रॅम पाणी घडी घालून कपाटात जाणार होतं! जीन्सचे पाय अगदी कोरडे, तरी वजन तीस ग्रॅमने जास्त, म्हणजे ते सगळं कमरेत आणि खिशांत. शर्टांत मात्र फरक दोन-तीन ग्रॅमचा. म्हणजे शर्ट नुसतेच गार होते. त्यावर त्याने जी शीळ घातली ती शेजाऱ्यांनी ऐकली असणार.

आता एक नवीनच पीडा. हा सगळं तोलायला लागलाय. उशीचे अभ्रे तोलले, हातरुमाल तोलला, काट्याशेजारी वही ठेवलीय आणि तिच्यात रकाने आखलेत. एक टॉवेल दुमडून आणि एक सरळ, अशी शर्यत लावली. दुमडलेला हरला. तर म्हणतो, त्या बाजूला वारा पडला होता, परत घेऊ. खिडकी मात्र आता स्वतःहून उघडतो आणि पंख्याची दिशाही बदलत बसतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

परत घालण्याबाबत असं ठरवलं: जाड कपडे माझे, म्हणजे टॉवेल, जीन्स, चादरी. त्यांना त्याने हात लावायचा नाही. शर्ट, टी-शर्ट, पायमोजे त्याचे. ते त्याने कसेही घालावेत, मी गॅलरीतून जाताना मान दुसरीकडे वळवेन. अट एकच, सुरकुत्याही त्याच्या आणि इस्त्रीही त्याची. यावर त्याने पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘शर्ट झटकून घातले तर खरंच इस्त्री कमी लागते का?’ इतकी वर्षं मी काय सांगत होते देव जाणे.

धागादोरा, अजून एक. टॉवेल सरळ घालून, पूर्ण वाळवून काढले तर खरखरीत होतात. नवऱ्याचं म्हणणं, थोडे ओलसर काढले की मऊ राहतात, म्हणून तो लवकर काढत होता. हे आत्ता सुचलेलं कारण आहे असा माझा संशय आहे, पण त्यात तथ्य आहे का?

धागादोरा

थोडं आहे. सुती धाग्यांच्या पृष्ठभागावर अगदी थोडं पाणी बांधल्यासारखं राहतं आणि ते शेजारशेजारच्या तंतूंना एकमेकांना चिकटवून धरतं. २०२० साली जपानमधल्याच संशोधकांनी यावर काम प्रसिद्ध केलं. वारा नसताना निवांत वाळलेला टॉवेल जास्त ताठ होतो, कारण तंतू हललेलेच नसतात. पण उपाय ओलसर काढणं हा नव्हे. वाऱ्यावर वाळवा, काढल्यावर दोन-तीनदा जोरात झटका, हातांनी चुरगळा, ते बंध मोडतात. सॉफ्टनर टॉवेलला शक्यतो नको, तंतूंवर थर बसतो आणि टॉवेल पाणी नीट टिपेनासा होतो.

निवांत

आमच्याकडे काटा आहे, पण तो माणसं उभी राहतात तो. पायमोज्यांना चालेल का?

धागादोरा

नाही. एक-एक ग्रॅम दाखवणारा लागेल. तोवर गालाची चाचणी करा. आणि पायमोजे आधी सोडवा, बोळ्याच्या आत वारा जात नाही.