भिंतीपलीकडे आरएमसी प्लांट: हरकत घ्यायची की अटी घालायच्या?

गॅलरीतली तुळस (वाघोली): सोसायटीच्या मागच्या प्लॉटवर जेसीबी लागलाय. रेडिमिक्सचा (आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटचा) प्लांट येतोय म्हणे. माझ्या गॅलरीपासून जेमतेम ४० पावलं. आधीच्या भाड्याच्या घराजवळ असाच प्लांट होता, म्हणून सांगते. बल्करमधून (सिमेंटच्या टँकरमधून) सायलोत, म्हणजे उभ्या टाकीत, सिमेंट चढवताना फिल्टर तुंबला की करडा ढग उठायचा. दव पडलेलं असलं की तुळशीच्या पानावर ती पूड थिजायची, नखानं खरवडावी लागायची. प्रदूषण मंडळाची संमती मिळायच्या आत हरकतीचं पत्र द्यायचंय. काय काय लिहू?

मिक्सरमामा: ताई, तुमचा टॉवर काय शाडूच्या मातीचा आहे? पाणी पडलं की साधारण दोन तासांत माल ओतावा लागतो. प्लांट लांब नेला तर गाडी नगर रोडलाच अडकणार आणि ड्रममध्ये दगड होणार. शिवाय बाणेरच्या कचरा प्रकल्पाचं काय झालं ते आठवा. २०२० साली हरित लवादानं हलवायला सांगितला, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेशच रद्द केला.

गॅलरीतली तुळस: बाणेरची जागा प्रकल्पासाठी आधीपासून राखीव होती, इमारती नंतर आल्या. इथं उलटं आहे. झोन दाखला काढलाय मी, मागचा प्लॉट रहिवासी आहे.

फुरसुंगीकर: ४० पावलांचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण उरुळी-फुरसुंगीनं अख्ख्या पुण्याचा कचरा उरावर घेतला, तेव्हा हीच शहरी मंडळी ‘कुठंतरी टाकावाच लागणार ना’ म्हणायची. २०१७ ला डेपो पेटला, आम्ही गाड्या अडवल्या, तेव्हा कुठं शहराला वास आला. हरकत जरूर घ्या. फक्त ‘दुसरीकडे न्या’ लिहू नका. दुसरीकडे म्हणजे आमच्याकडेच.

जुना बॅचिंग ऑपरेटर: जनसुनावणीची वाट बघत बसू नका. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत रेडिमिक्स नाही, त्यामुळे सुनावणी लागतच नाही. जे काही आहे ते जल (१९७४) आणि वायू (१९८१) कायद्याखालच्या संमतीत. रहिवासी झोनचा मुद्दा पहिला लिहा, दाखला जोडा. तरीही संमती मिळालीच तर अटी मागा: खडी-क्रशसँडवर शेड, खडी वर नेणारा पट्टा झाकलेला, गेटवर चाकं धुवायची सोय. ड्रम धुतलेलं पाणी टाकीत निवळू द्यायचं, नाल्यात नाही. आणि रात्री बल्कर नको. आमच्याकडे तपासणीच्या दिवशी फवारे जोरात चालायचे, एरवी मोटार बंद. म्हणून तारीख-वेळेसकट फोटो काढत राहा. बाय द वे, प्लॉट कुणाचा?

गॅलरीतली तुळस: आमच्याच बिल्डरचा. फेज दोनसाठी.

मिक्सरमामा: घ्या! म्हणजे फेज दोनवाल्यांना घर हवंय आणि तुम्हाला प्लांट नको.

गॅलरीतली तुळस: फेज दोनमध्ये माझ्या दिरांचं बुकिंग आहे. पत्रावर त्यांचीही सही घेणार होते. आता फोन उचलत नाहीयेत.