पिवळा दिसला म्हणून एकवर्णी?

भिंगवाला: काल इथे एकाने लिहिलं, "एकवर्णी प्रकाश म्हणजे एका रंगाचा प्रकाश. मोबाइलचा पडदा पिवळा करा, झाला प्रयोग." वाचून राहवलं नाही. त्या पडद्यात पिवळा ठिपकाच नसतो! लाल आणि हिरवे ठिपके शेजारी शेजारी पेटतात, पिवळा आपला डोळा ठरवतो. प्रिझम धरा, दोन्ही वेगळे होतात. प्रयोगशाळेतल्या सोडियमच्या दिव्याचा पिवळा मात्र पिवळाच राहतो. एकवर्णी म्हणजे एक तरंगलांबी. मुलांना चुकीचं शिकवू नका.

ग्रेटिंग: मग सोडियमही बाद करा. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, दोन तरंगलांबींच्या दोन रेषा दिसतात. बीएस्सीला मोजल्यात मी.

भिंगवाला: न्यूटनच्या वलयांना, म्हणजे भिंग काचेवर ठेवून प्रकाशाची वलयं बघायच्या प्रयोगाला, तेवढं चालतं.

ग्रेटिंग: "चालतं" म्हणजे काय? आत्ता एकच तरंगलांबी म्हणालात! लेसरच्या रेषेलाही जाडी असते, म्हणजे तरंगलांबी थोडी पसरलेलीच असते. शून्य जाडी हवी तर तरंग अनंत काळ चालायला हवा. प्रश्न "किती एकवर्णी" हाच असतो.

मोरपंखी: तुमच्या रेषा राहू द्या. एकरंगी साडी मागितली तर कुणी तरंगलांबी विचारतं का? डोळ्याला एक रंग दिसला, तो एकरंगी. आणि दिव्यांचंच काढलंय तर ऐका. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली ब्लाउजपीस साडीला तंतोतंत जुळला. घरी उन्हात धरला तर साडी निळी, पीस हिरवा. बदलून द्यायला साफ नकार. बहिणीचं लग्न चार दिवसांवर!

उन्हात बघा: कापड दाराबाहेर नेऊन बघायचं असतं. आमची आजी दुकानदाराचं ऐकायचीच नाही.

मोरपंखी: रात्री आठला ऊन कुठून आणू? चूक माझीच का?

ग्रेटिंग: पिवळे म्हणजे सोडियमचे, हायवेवर असतात तसले?

भिंगवाला: हायवेवरचे एकवर्णी नाहीत हो. ते उच्च दाबाचे, त्यांचा वर्णपट पसरलेला, म्हणजे त्यात बऱ्याच तरंगलांबी. लाल गाडी निदान लालसर दिसते. प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली माझ्या जर्नलमधली लाल पेनाची आकृती काळी दिसायची. आणि ताई, तुमचा पीसच माझा मुद्दा सिद्ध करतो. रंग वेगवेगळे होते, त्या दिव्याखाली डोळा फसला. डोळ्यावर व्याख्या कशी ठेवायची?

मोरपंखी: पिसापुरतं पटलं. पण "एकरंगी" शब्द आमचा आहे. तुम्ही "एकवर्णी" म्हणा.

ग्रेटिंग: आणि आधी "जवळजवळ" लावा.

भिंगवाला: लावतो. पण मोबाइलच्या पडद्याला तेवढंही मिळणार नाही.